पिंप्राळ्याचे घर विकून पुण्याला जायचे का?

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. त्यानंतर चारच दिवसांनी, आषाढ पौर्णिमेला, आपल्या विहारांत वर्षावास सुरू होतो. पुढचे तीन महिने संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्या वाचनाला बसणारी माणसे एकदा नीट पाहा. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी भुसावळला रेल्वेत नोकरी केलेले काका, कोणी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले दादा, कोणी दीपनगरच्या वीज केंद्रात आयुष्य घालवलेले. शेजारी त्यांच्या पत्नी, पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका. विहाराची किल्ली यांच्याकडे, वर्गणीची वही यांच्याकडे, आणि कोणाच्या घरी मरण झाले तर पहिला फोनही यांनाच.

गेल्या काही वर्षांत या रांगेतली एकेक जागा रिकामी होत आहे. मुलगा पुण्यात, मुलगी ठाण्यात. आधी दिवाळीपुरते जाणे होते, मग नातवाच्या शाळेसाठी, मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. शेवटी घराला कुलूप लागते आणि गल्लीत विचारणा होते, “काय दादा, पुण्याले चालले का मग?”

हा लेख आम्ही निवृत्त मंडळींसाठी लिहीत आहोत, पण त्याहून अधिक तरुण धम्मबांधवांसाठी लिहीत आहोत. कारण बहुतेक घरांत हा विषय फोनवर तरुणच काढतात: “बाबा, तिथे एकटे कशाला राहता, घर विकून टाका आणि इकडे या.” वाक्य प्रेमाचे आहे. पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. कुठे राहायचे हा एक प्रश्न. घर विकायचे का हा दुसरा. पहिला निर्णय चुकला तर परत येता येते, दुसरा चुकला तर येता येत नाही. ही गाठ आधी सोडवली पाहिजे, एवढेच आमचे मुख्य म्हणणे आहे.

हे आपले दुसरे स्थलांतर

खेडे सोडा, शहराकडे चला, हा बाबासाहेबांचा सांगावा आपल्या घराघरांत सांगितला जातो. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर मत मांडले, ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचे घर, हे त्यांनी अनुभवातून सांगितले होते. आपल्या आजोबा-वडिलांनी ते मानले. गावकुसाबाहेरचे घर सोडून ते जळगाव-भुसावळला आले, नोकरीला लागले, सोसायटीचे कर्ज काढून प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. घरपट्टीच्या पावतीवर घरमालक म्हणून नाव लागलेली ती अनेक कुटुंबांची पहिली पिढी.

पिंप्राळा एकेकाळी वेगळे गाव होते, आज ते जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या 4,60,228 होती. म्हणजे पिंप्राळा हे बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेले खेडे नव्हे, आणि एकतीस लाखांचे पुणेही नव्हे. ते मधले ठिकाण आहे. म्हणून “बाबासाहेबांनीच शहरात जायला सांगितले होते” एवढ्यावर चर्चा संपवू नये. त्यांची कारणे काय होती ते पाहावे: खेड्यात जमीन नाही, काम नाही, शिक्षण नाही आणि जातीचा फास सुटत नाही. यातली किती कारणे पिंप्राळ्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या पेन्शनराला आज लागू पडतात? काम त्यांचे झाले. शिक्षण मुलांचे झाले. उरतात ते आरोग्य, सोबत आणि पैसा. निर्णय या तिघांवर घ्यायचा आहे.

आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. पुण्या-मुंबईत भाड्याचे घर शोधताना आजही आडनाव विचारले जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. शहराने जात पुसून टाकली असे समजून आई-वडिलांना नेऊ नका. मात्र शहरात गेले की धम्म सुटतो हेही खरे नाही. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ते देहूरोडचे विहार पुण्याजवळच आहे. पिंपरी-चिंचवड, येरवडा, विश्रांतवाडी इथे आपल्या मोठ्या वस्त्या आहेत. प्रश्न एवढाच, की मुलाचा फ्लॅट त्यांच्यापासून किती दूर आहे आणि सत्तरीतली आई तिथपर्यंत एकटी जाऊ शकते का.

कुशिनाराची आठवण

तथागतांसमोरही हा प्रश्न आला होता. महापरिनिब्बाण सुत्तातला तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. वय ऐंशी. शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुव गावात, तिथेच मोठे आजारपण. पुढे प्रवास करत ते कुशिनाराला पोहोचले. तेव्हा आनंदाने विनवणी केली, की अशा लहानशा, आडबाजूच्या नगरात भगवंतांनी परिनिर्वाण पावू नये. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी मोठी नगरे आहेत, तिथे सेवा करणारे धनवान उपासक आहेत. तथागतांनी त्याला थांबवले. हे नगर लहान आहे असे म्हणू नकोस, असे सांगून त्यांनी त्याच जागी पूर्वी असलेल्या कुशावती राजधानीची कथा ऐकवली. मग कुशिनाराच्या मल्लांना निरोप गेला आणि ते बायकामुलांसह आले.

या प्रसंगाचा अर्थ “लहान गावातच राहा” असा आम्ही काढत नाही. तथागतांनी श्रावस्तीसारख्या मोठ्या नगराजवळ वीसहून अधिक वर्षावास केले. अर्थ एवढाच घ्यावा, की आनंदाने नगराचा आकार पाहिला आणि तथागतांनी माणसे पाहिली. महामंगल सुत्तात योग्य ठिकाणी राहणे हे एक मंगल सांगितले आहे, आणि आई-वडिलांची सेवा हेही त्याच सुत्तातले मंगल आहे. ही दोन मंगले एकमेकांविरुद्ध उभी राहणार नाहीत असा मार्ग काढणे, हे आपले काम.

पैशाचा हिशेब: दोनदा करा

पेन्शन आणि त्यावरची महागाई वाढ राहण्याच्या गावाप्रमाणे बदलत नाही. पिंप्राळ्यात राहा किंवा पुण्यात, रक्कम तीच. बदलतो तो खर्च.

एक उदाहरण धरू. आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत, तुम्ही आपल्या घरचे घाला. समजा पेन्शन 34,000 रुपये आहे. पिंप्राळ्यात घर स्वतःचे. किराणा, वीज, गॅस, औषधे, घरपट्टी, लग्नकार्य, विहाराची वर्गणी धरून महिना 19,000 लागतात. हातात 15,000 उरतात. पुण्यात वेगळे घर भाड्याने घेतले आणि भाडे 16,000, सोसायटीचा मेंटेनन्स 2,000 आणि बाकीचा खर्च 23,000 धरला, तर 41,000 होतात. सात हजारांची तूट. पिंप्राळ्याचे घर 6,000 भाड्याने दिले तरी महिन्याला हजार रुपये कमीच पडतात. मुलाच्या घरी राहिले तर भाडे वाचते, पण मग हातात स्वतःचे किती पैसे राहणार आणि घरखर्चात किती द्यायचे, हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

हा झाला पहिला हिशेब. दुसरा हिशेब बहुतेक घरांत कोणी करत नाही, कारण तो बोलायला जड जातो. पेन्शन ज्यांच्या नावावर आहे ते गेल्यावर काय? शासकीय नोकरीत कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असते. पूर्ण पेन्शन 50 टक्के असते. म्हणजे 34,000 च्या जागी सुमारे 20,400 रुपये. सुरुवातीची काही वर्षे वाढीव दर मिळू शकतो, पण शेवटी हिशेब इथेच येतो. पिंप्राळ्याच्या स्वतःच्या घरात या रकमेत आई मानाने राहू शकते. भाड्याच्या घरात राहू शकत नाही. घर विकण्यापूर्वी हा आकडा कागदावर लिहा.

ज्यांची नोकरी खाजगी कारखान्यात झाली त्यांची स्थिती आणखी नाजूक आहे. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 मध्ये महिना 1,000 रुपये ठरली. अशा कुटुंबासाठी घर हीच खरी पेन्शन असते.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखीव. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचे अंशराशीकरण मिळून एकदम मोठी रक्कम हातात येते. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग असा विकता येतो आणि तो पूर्ववत व्हायला 15 वर्षे लागतात. ही रक्कम अनेक घरांत मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला जाते. द्यायची असेल तर द्या, पण चौथा भाग बाजूला काढून मगच द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आता एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. फ्लॅटला पैसे देत असाल तर करारात आपलेही नाव लावून घ्यायला संकोच करू नका.

दवाखाना किती मिनिटांवर?

“पुण्यात हॉस्पिटल चांगले” हे कारण सर्वांत आधी दिले जाते. ते खरेही आहे. पण आजारांचे दोन प्रकार करून पाहावे.

पहिला प्रकार, जिथे मिनिटे मोजावी लागतात. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. हृदयविकारात पहिला तास महत्त्वाचा. अशा वेळी पुण्याचे मोठे हॉस्पिटल पिंप्राळ्याच्या माणसाच्या उपयोगाचे नाही. जळगावात रात्री दोन वाजता काय उघडे असते, तेच उपयोगाचे. जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भुसावळला रेल्वेचे रुग्णालय आहे. घरापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो हे दिवसा एकदा आणि रात्री एकदा मोजा. 108 क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दुसरा प्रकार, जिथे पुन्हा पुन्हा जावे लागते. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा असतो. कर्करोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात. असा आजार असेल तर मुलाजवळ जाणे हेच शहाणपण आहे, त्यात कमीपणा नाही. आणि साधे मधुमेह-रक्तदाब असेल तर सहा महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन तपासणी करता येते, त्यासाठी कायमचे गाव सोडण्याची गरज नाही.

योजनांचीही माहिती घ्या. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हे कार्ड योजनेतील रुग्णालयांत देशात कुठेही चालते. सीजीएचएससारखी सोय असणाऱ्यांना दोहोंतील एक निवडावी लागते. रेल्वेच्या निवृत्तांनी उमीद कार्ड काढलेले असावे. केंद्राच्या ज्या निवृत्तांचे घर सीजीएचएस क्षेत्राबाहेर आहे त्यांना दरमहा 1,000 रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. पुण्यात सीजीएचएसचे दवाखाने आहेत, त्यामुळे आयुध निर्माणीच्या निवृत्तांसाठी स्थलांतराचा हा खरा फायदा ठरू शकतो.

आणि खान्देशातला मे महिना विसरू नका. पारा 44-45 अंशांवर जातो, वीज गेली की पत्र्याच्या घरात वृद्ध माणसाचा जीव धोक्यात येतो. उन्हाळ्याचे दोन महिने मुलांकडे आणि आषाढात परत पिंप्राळ्यात, असा मध्यममार्ग कितीतरी घरांना जमण्यासारखा आहे. 75 वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, 65 ते 75 वयोगटाला आणि मार्च 2023 पासून सर्व वयाच्या महिलांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे, ते धरून हिशेब करा.

आईला विचारले का?

घर सोडण्याची चर्चा बहुधा वडील आणि मुलगा यांच्यात होते. आई स्वयंपाकघरातून ऐकत असते. “मुले म्हणतील तसे” हे तिचे उत्तर आपण होकार समजतो.

पिंप्राळ्यात तिचे जग तिने उभे केलेले असते. पौर्णिमेची वंदना, महिला मंडळ, भिशी, सात घरे ओलांडून राहणारी मैत्रीण, रस्त्यावर बसून मेथी निवडण्याची जागा. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री आठला येतात. मधले बारा तास नातवंडे, कुकर आणि टीव्ही. नातवंडांचा आनंद असतोच. पण चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईला आपण आनंदाच्या नावाखाली पुन्हा बिनपगारी कामाला लावत नाही ना, हे तरुण पिढीने स्वतःला विचारावे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. आपल्याच घरात आईचे मत स्वतंत्रपणे, वडिलांच्या अनुपस्थितीत, एकदा तरी विचारले गेले पाहिजे.

घर कोणाच्या नावावर?

महाराष्ट्रात राहते घर मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, शिवाय स्थानिक अधिभार वगैरे. स्वस्त आहे म्हणून घाईने बक्षीसपत्र करणारे बरेच आहेत. बक्षीसपत्र नोंदले आणि ताबा दिला की घर आपले राहत नाही. मृत्युपत्र मात्र आपण जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवलेली बरी.

बक्षीसपत्र करायचेच असेल तर “सांभाळ करण्याच्या अटीवर” असे शब्द त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 नुसार, अशी अट असून सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो. अट नसेल तर कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटले होते. 2 जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले आणि घराचा ताबा परत मिळवून देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार मान्य केला. तरीही कोर्टकचेरीची वेळ येऊ न देणे हेच बरे. मुलीचा वाटा विसरू नका. वारसाहक्काच्या बाबतीत बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे आणि त्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे.

घर विकलेच, तर कराचा विचार आधी करा. दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःकडे असलेल्या घराच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा जुना पर्यायही निवडता येतो. तो नफा विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसऱ्या घरात गुंतवला, किंवा तीन वर्षांत घर बांधले, तर करात सूट मिळते. पण नवे घर फक्त मुलाच्या नावावर घेतले तर ती सूट धोक्यात येते.

भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. “आपलाच माणूस आहे” म्हणून तोंडी व्यवहार करू नका.

पेटीतले जुने कागद

घर आवरताना लोखंडी पेटीतले पिवळे कागद रद्दीत जातात. हे नुकसान पैशात मोजता येत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य कुठे होते ते दाखवावे लागते. नातू पुण्यात जन्मला, पुण्यात शिकला, तरी त्याचा पुरावा खान्देशातल्या एखाद्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल बुकातल्या पणजोबांच्या नोंदीत असतो. जात पडताळणीच्या वेळी मुले ऐनवेळी धावपळ करतात, आणि गावातले ओळखीचे कोणी उरलेले नसते.

म्हणून पिंप्राळा सोडण्याआधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुनी जमीन किंवा घराची कागदपत्रे, वडिलांचा जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या सर्वांच्या प्रमाणित प्रती काढा. मूळ प्रत एका ठिकाणी, फोटो सर्व भावंडांच्या मोबाइलमध्ये. हे काम ज्येष्ठ हयात असतानाच होऊ शकते, कारण कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत पाहायचे ते त्यांनाच माहीत असते.

मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो. कायम राहायला गेला असाल तर मत तिकडे न्या. वर्षाचे आठ महिने पिंप्राळ्यात राहात असाल तर मत इथेच ठेवा आणि मतदानाला या. प्रभागातली आपली मते कशी विखुरतात हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

वर्षावासाइतके राहून पाहा

भिक्खू वर्षभर चारिका करत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. आम्ही सुचवतो, की मुलांकडे कायम जाण्याआधी तेवढाच काळ, सलग तीन महिने, राहून पाहावे. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्हे. मुलांची ऑफिसे आणि नातवंडांच्या शाळा चालू असताना, रोजच्या घाईगर्दीत.

या तीन महिन्यांत पिंप्राळ्याच्या घराला हात लावू नये. किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. एका वहीत साध्या गोष्टी लिहाव्या: आज घराबाहेर किती वेळा गेलो, मुलांखेरीज कोणाशी बोललो, एकट्याने दवाखान्यात जाता आले का, खर्च किती झाला, विहारात जाता आले का, झोप कशी लागली. पती-पत्नींनी वेगवेगळ्या वह्या ठेवाव्यात. तीन महिन्यांनी परत यावे, महिनाभर इथे राहावे आणि मग दोन्ही वह्या घेऊन मुलांसोबत बसावे.

जायचे ठरले, तर पहिले वर्ष घर भाड्याने द्यावे. वर्षभरानंतरही मन तिकडे रमले असेल तर विकण्याचा विचार करावा. राहायचे ठरले, तर मुलांनी तो आपला अपमान समजू नये. रोजचा फोन, सहा महिन्यांची तपासणी आणि आजारपणात पहिल्या गाडीने येणे, हीसुद्धा सेवाच आहे.

राहणाऱ्यांसाठी विहार काय करणार?

आता पिंप्राळ्यातल्या तरुणांशी दोन शब्द. ज्येष्ठ गेले तर विहार ओस पडेल, अशी खंत आपण व्यक्त करतो. पण त्यांनी विहारासाठी थांबावे असे म्हणताना विहार त्यांच्यासाठी काय करते, हेही विचारले पाहिजे. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयीची वेदना बोलून दाखवली, ती आपण निवृत्तांना ऐकवतो. ती आपल्यालाही लागू आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मळात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला समजावले, की तुमची काळजी घ्यायला इथे आई-वडील नाहीत, तुम्ही एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार?

ज्यांची मुले दूर आहेत अशा प्रत्येक घराला हे वचन लागू होते. विहार समितीने एवढे तरी करावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून रोज सकाळी एक फोन. रात्री दवाखान्यात सोबत जाणाऱ्या चार तरुणांची आठवडावार पाळी. नोव्हेंबरमध्ये विहारातच हयातीच्या दाखल्याचे शिबिर. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो आणि एका तरुणाने दुपारभरात अनेकांचे काम होते. सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड काढून देणे. उन्हाळ्यात विहाराचा कूलर असलेला हॉल दुपारी उघडा ठेवणे. आणि निवृत्त शिक्षकांना अभ्यासिकेत रोजचा एक तास मागणे. ज्याची कोणी वाट पाहते, तो माणूस लवकर गाव सोडत नाही.

हे सारे करूनही काही जण जातील. जाणाऱ्यांना निरोप देताना टोमणा मारू नये. त्यांनी एकदा गावकूस सोडून आपल्यासाठी रस्ता केला, आता मुलांसोबत राहण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. फक्त विहाराची किल्ली कोणाच्या हाती द्यायची ते त्यांनी जाण्याआधी ठरवावे, आणि ती घ्यायला आपल्यापैकी कोणीतरी पुढे यावे.

येत्या आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचनाला बसाल तेव्हा शेजारच्या काका-काकूंना विचारा, की पुढच्या वर्षी कुठे असाल. उत्तर ऐकून सल्ला देऊ नका. आधी त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या आणि त्यांच्यासोबत हा हिशेब कागदावर मांडा.

जय भीम, नमो बुद्धाय.